सदऱ्याची साक्ष आणि न्यायाधीशाची जबाबदारी

दिव्य कुरआनातील सूरह यूसुफमध्ये सदरा पुरावा म्हणून दोनदा पुढे येतो. पहिल्या वेळी भाऊ खोटे रक्त लावलेला सदरा आदरणीय याकूब (अ.) यांच्यापुढे ठेवतात. सदरा खरा होता, डाग डोळ्यांना दिसत होता, तरीही याकूब (अ.) यांनी त्यावरून सांगितलेली हकिकत स्वीकारली नाही. दुसऱ्या वेळी, मिसरमध्ये, आदरणीय यूसुफ (अ.) यांच्यावर आळ आला, तेव्हा त्या स्त्रीच्याच घरातील साक्षीदाराने कसोटी मांडली: सदरा पुढून फाटला असेल तर तिचे म्हणणे खरे, मागून फाटला असेल तर यूसुफ (अ.) यांचे. कसोटी आधी ठरली, सदरा नंतर पाहिला गेला.

या दोन प्रसंगांत एक मोठा धडा आहे. वस्तू स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने माणूस बोलतो, आणि माणूस चुकू शकतो. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, डीएनए यांची तपासणी करणाऱ्या न्यायसहायक विज्ञानालाही हेच लागू आहे.

11 मार्च 2004 रोजी स्पेनच्या माद्रिद शहरात रेल्वेगाड्यांत स्फोट होऊन सुमारे 190 निरपराध माणसे मारली गेली. स्फोटकांच्या डिटोनेटरच्या पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयने तो ऑरेगॉन राज्यातील ब्रँडन मेफील्ड या वकिलाचा असल्याचे शंभर टक्के खात्रीने सांगितले. हे गृहस्थ इस्लाम स्वीकारलेले होते. स्पेनच्या पोलिसांनी एप्रिलमध्येच ठसा जुळत नसल्याचे कळविले होते. तरी मे महिन्यात त्यांना अटक झाली आणि दोन आठवडे ते कोठडीत राहिले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तीच चूक केली. अखेर स्पेनने तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचे दाखविले. अमेरिकी सरकारने माफी मागितली व 2006 मध्ये 20 लाख डॉलर भरपाई दिली. ओळख पटविताना तज्ज्ञांना त्यांचा धर्म ठाऊक नव्हता. पण पुढे तो कळल्यावर आपल्या निष्कर्षाचा पुनर्विचार करण्यात ते कमी पडले असावेत, असे सरकारी चौकशीनेच नोंदविले. कसोटीच्या आधी निष्कर्ष ठरला की असे होते.

मग तज्ज्ञावर विश्वासच ठेवू नये काय? इस्लामी शिकवण तसे सांगत नाही. सूरह अल-हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, ती नाकारण्याची नव्हे. इस्लामी न्यायव्यवस्थेत काझी साक्षीदाराच्या विश्वासार्हतेची चौकशी करीत असे. तिला ‘तज़किया’ म्हणत. तज्ज्ञ हाही साक्षीदारच आहे. त्याची पद्धत कोणती, ती किती वेळा चुकते, येथे ती नीट वापरली काय, हे विचारणे म्हणजे विज्ञानाचा अवमान नव्हे.

उलट अशा प्रश्नांनीच विज्ञान सुधारते. 1989 साली न्यूयॉर्कमधील एका खून खटल्यात घड्याळावरील रक्ताचा डाग डीएनए चाचणीने मृत व्यक्तीच्या रक्ताशी जुळविण्यात आला होता. उलटतपासणीत प्रयोगशाळेच्या कामातील दोष उघड झाले. दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून हा पुरावा विश्वासार्ह नसल्याचे सांगितले, आणि न्यायालयाने तो जुळणीचा पुरावा नाकारला. त्यानंतर डीएनए तपासणीचे निकष कडक होत गेले. आज ती सर्वांत भक्कम तपासणी मानली जाते, त्यात त्या नकाराचाही वाटा आहे.

आपल्या देशातही हा प्रश्न उभा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील अत्याचार व खुनाच्या एका प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडले. नमुने प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी सुमारे दोन आठवडे पोलीस मालखान्यात पडून होते, आणि डीएनए अहवालाचा आधार काय, हे खालच्या न्यायालयांनी तपासलेच नव्हते. हदीसचे विद्वान इस्नादमधील एक कडी तुटली तरी ते कथन दुर्बल ठरवीत; पुराव्याच्या साखळीचेही तसेच आहे. आणि येथे हानी केवळ आरोपींची नव्हे. दहा वर्षे न्यायाची वाट पाहणाऱ्या त्या मुलीच्या आईवडिलांच्या हाती काय आले?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. म्हणजे यापुढे असे अहवाल वाढतील. ते वाढतील तसे त्यांना प्रश्न विचारणारे न्यायाधीश, वकील आणि शास्त्रज्ञही वाढले पाहिजेत. आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रांत जावे, हीसुद्धा न्यायाची सेवा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, जाणूनबुजून अन्याय करणारा न्यायाधीश जसा नरकाग्नीस पात्र आहे, तसाच अज्ञानाने निवाडा करणाराही. केवळ हेतू चांगला असून भागत नाही. अहवाल न समजता त्यावर सही करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आणि ‘रिपोर्ट आला’ एवढे ऐकून एखाद्याला गुन्हेगार ठरविणाऱ्या आपणही. यूसुफ (अ.) यांचे निर्दोषत्व सदऱ्याने सिद्ध झाले होते, तरी पुढे सत्ताधाऱ्यांनी त्यांना तुरुंगात टाकले. पुरावा कितीही स्पष्ट असो, त्याच्याशी प्रामाणिक राहणारा माणूस लागतो. तो माणूस होण्याचे सामर्थ्य अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.