‘ऊठ’ हे कोणाला सांगितलंय?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६

हे चार श्लोक आपण बहुतेक वेळा घाईत वाचतो. शेवट जवळ आलेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष पुढच्या शरणागतीच्या श्लोकाकडे लागलेलं असतं. पण इथे भगवंत एक फार मोलाची गोष्ट सांगतात. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली आणि प्रयत्न, आणि पाचवं दैव. पुढे ते बजावतात की असं असूनही जो ‘मी एकटाच करतो’ असं समजतो, त्याला खरं दिसतच नाही.

आज हे वाचताना डोक्यात एका मित्राचा प्रश्न होता. तो आपल्या शनिवारच्या ऑनलाइन वाचनाला येतो. बाईकच्या अपघातात त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली. याला पॅराप्लेजिया म्हणतात. त्यानं विचारलं, “भगवंत अर्जुनाला सारखं ‘ऊठ’ म्हणतात. मी ते कसं वाचायचं? अर्जुनाचे पाय तर शाबूत होते.” मग म्हणाला, “मला लोक दोनच गोष्टी सांगतात. एक, इच्छाशक्ती ठेव, नक्की चालशील. दोन, मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपव.”

या प्रश्नाला गोड बोलून बगल देता येणार नाही. म्हणून आधी चालणं म्हणजे काय ते नीट बघू, मग गीतेकडे येऊ.

आपण चालतो तेव्हा मेंदूत इरादा तयार होतो. तो संदेश मज्जारज्जूतून खाली कमरेच्या भागात जातो. तिथे चेतापेशींचं एक जाळं असतं, ते पायांच्या स्नायूंना एकामागून एक कामाला लावतं. मज्जारज्जूला मध्येच इजा झाली की वरचा मेंदू ठीक असतो, खालचं जाळं बऱ्याचदा ठीक असतं, पायही ठीक असतात. फक्त मधली वाट बंद. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही सर्व्हर चालू आहेत, मधली केबल तुटलीय. आणि संदेश उलट दिशेनंही येत नाहीत. म्हणून बसून बसून कातडीवर दाब येतो तेव्हा ते कळत नाही, आणि जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळानं अंग उचलून घ्यावं लागतं.

आता ही तुटलेली वाट कशी जोडली ते बघा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रेग्वार कुर्तिन हे न्यूरोसायंटिस्ट आणि जोसलिन ब्लॉक या न्यूरोसर्जन बरीच वर्षं यावर काम करतायत. गर्ट-यान ऑस्कम या डच माणसाला २०११ मध्ये चीनमध्ये सायकल अपघातात मानेपाशी इजा झाली होती. त्यांच्या मेंदूच्या वर, कवटीत, प्रत्येकी ६४ इलेक्ट्रोडची दोन यंत्रं बसवली. कमरेच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोडची एक पट्टी ठेवली. मध्ये एक छोटा कॉम्प्युटर, जो मेंदूतला इरादा वाचतो आणि त्याप्रमाणे खाली विजेचे हलके झटके पाठवतो. म्हणजे तुटलेल्या केबलवरून वायरलेस पूल बांधला. मे २०२३ मध्ये हे संशोधन ‘नेचर’ मासिकात आलं. ऑस्कम उभे राहिले, चालले, जिनाही चढले. आणि ट्रेनिंगनंतर तर यंत्र बंद असतानाही कुबड्या घेऊन चार पावलं टाकायला लागले.

यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. त्याआधी त्यांच्याकडे एक जुनी सिस्टीम होती, तीत झटक्यांचा क्रम आधीच ठरवलेला असायचा. ऑस्कम यांचं म्हणणं असं, की आधी ते झटके त्यांना चालवायचे, आता ते स्वतः झटक्यांना चालवतात. पाय तेच, वीज तीच. बदललं काय? कर्ता आपल्या जागी परत आला.

आता आजचा श्लोक यावर ठेवून बघा. अधिष्ठान : ते जखमी शरीर. कर्ता : इरादा करणारे ऑस्कम. करण : इलेक्ट्रोड, कॉम्प्युटर, कुबड्या. चेष्टा : महिनोन्‌महिने केलेला सराव, थेरपिस्टचे कष्ट, सर्जनचे हात. आणि दैव : इजा कुठे झाली, किती झाली, कुठल्या काळात झाली, जे कोणाच्याच हातात नव्हतं. (जुने भाष्यकार ‘करण’ म्हणजे इंद्रियं असा अर्थ घेतात. यंत्र त्यात बसवणं ही माझी जोड आहे, पटली तर घ्या.) आपण दोन पायांवर चालतो तेव्हाही ही पाचही कारणं कामाला लागलेली असतात. फक्त ती सुरळीत चालतात म्हणून दिसत नाहीत, आणि आपण खुशाल म्हणतो, ‘मी चाललो’.

आता ते दोन सल्ले तपासू. ‘इच्छाशक्ती ठेव, चालशील’ याचा अर्थ सगळा भार कर्त्यावर. म्हणजे चालला नाहीस तर दोष तुझा. ‘मागच्या जन्मीचे भोग’ याचा अर्थ सगळा भार दैवावर. म्हणजे आम्हाला काही करायला नको. आणि आपल्यासारख्या टेक्नॉलॉजीवाल्यांचा तिसरा सल्ला असतो : ‘थांब रे, पाच-दहा वर्षांत यंत्र येईल’. सगळा भार करणावर. प्रॉडक्शन बंद पडलं आणि कोणी मीटिंगमध्ये एकाच कारणावर बोट ठेवून उठलं तर आपण त्याला बसवतो ना? मग माणसाच्या दुःखाचं विश्लेषण करताना एका कारणावर कसे थांबतो? पाचांतलं एकच उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकणं, हे मला या श्लोकाच्या अगदी विरुद्ध वाटतं. दैव आहे, गीता ते नाकारत नाही. पण ते पाचांतलं एक आहे. दुसऱ्याकडे बोट दाखवायला ते दिलेलं नाही.

आणखी एक. आपण गृहीत धरतो की अशा माणसाला फक्त चालायचं असतं. किम अँडरसन या संशोधकांना स्वतःला मज्जारज्जूची इजा आहे. त्यांनी २००४ मध्ये ६८१ जणांचा सर्व्हे प्रसिद्ध केला : काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? हातही गेलेल्यांनी सर्वांत आधी हात मागितले. पॅराप्लेजिया असलेल्यांमध्ये सर्वांत वर होती लैंगिक क्षमता. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांत महत्त्वाचा होता. चालणं दोन्हीकडे पहिल्या नंबरावर नव्हतं. बघा, आपण ज्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याला काय हवंय हे विचारतो तरी का? न विचारता केलेल्या प्रार्थनेत कधी कधी आपलीच भीती बोलत असते.

अमित गोफर या इस्रायली इंजिनिअरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९९७ मध्ये अपघातात त्यांचे हात-पाय दोन्ही निकामी झाले. त्यानंतर त्यांनी ‘रीवॉक’ हा पायांना बांधायचा यांत्रिक सांगाडा बनवला. त्यात मोटारी असतात, त्या गुडघे आणि खुबे हलवतात. २०१४ मध्ये अमेरिकेत घरी वापरायला त्याला परवानगी मिळाली आणि कमरेखाली लुळे असलेले अनेक जण उभे राहून चालले. पण तो वापरताना कुबड्या धराव्या लागतात, म्हणजे हातांत ताकद हवी. गोफर यांच्या हातांत ती नव्हती. स्वतः बनवलेलं यंत्र त्यांना स्वतःला वापरता आलं नाही. फळावर हक्क न ठेवता कर्म करणं यावर आपण किती प्रवचनं ऐकलीत! त्यांनी गीता वाचलीय का, ते मला माहीत नाही. पण मला तो धडा तिथे दिसतो. आणि ते ‘उठले’ नाहीत असं कोण म्हणेल?

आता मूळ प्रश्नाकडे. गीतेच्या सुरुवातीला अर्जुन स्वतःच सांगतो की माझे अवयव गळून गेलेत, मला उभंही राहवत नाही. मग तो रथात खाली बसतो. सगळा उपदेश भगवंतांनी चाकांच्या गाडीत बसलेल्या माणसाला केलाय, हे आपण विसरतो. अठराव्याच्या शेवटी अर्जुन उत्तर देतो त्याचा आशय असा : माझा मोह गेला, संशय गेला, मी स्थिर उभा आहे, तू सांगशील ते करीन. ‘उभं राहवत नाही’ पासून ‘उभा आहे’ पर्यंतचा हा प्रवास. मधे गेला तो संशय. पायांचं काही झालं नाही.

म्हणून माझं उत्तर असं : अर्जुनाला ‘ऊठ’ म्हटलं गेलं ते त्याच्यातल्या कर्त्याला. तो कर्ता व्हीलचेअरवरही पूर्ण असतो. पुढचा दिवस कसा जगायचा, कोणतं काम घ्यायचं, ट्रायलमध्ये जायचं की नाही, हे त्याचं. उपचाराची आशा जरूर ठेवावी, पण ती पूर्ण होईपर्यंत आयुष्य थांबवून ठेवायची गरज नाही. आणि इच्छा असूनही पाय हलत नसतील तर त्यात कर्त्याचा दोष नाही. बाकीची कारणं कमी पडतायत. हे उत्तर पुरं आहे असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता पाय आखडून झोप उडते तेव्हा त्याचा कितपत आधार वाटेल, ते ज्याचं तोच सांगू शकेल.

आपल्यासाठी मात्र काम स्पष्ट आहे. दुसऱ्याचं दैव आपल्या हातात नाही. त्याचं करण व्हायचं मात्र आपल्या हातात आहे.

आजचा संकल्प : या आठवड्यात तुम्ही नेहमी जाता त्या मंदिरात एकदा फक्त हे बघायला जा, की व्हीलचेअर गाभाऱ्यापर्यंत पोचते का. पायऱ्या मोजा. रॅम्प असेल तर त्यावर चपलांचा ढीग तर नाही ना, ते बघा. विश्वस्तांशी शांतपणे बोला. कोणी व्हीलचेअरवर दिसलं तर मागून ढकलायला धावू नका, आधी विचारा. बोलायचं असेल तर शेजारी बसा, म्हणजे नजर एका पातळीवर येते. आणि काय केलंत ते खाली कमेंटमध्ये लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही सुचेल.

उद्याचं वाचन : अध्याय १८, श्लोक १७.

राम कृष्ण हरी!