आणि कशाबरोबर?

पाऊस लागला की दुपारी डबे उघडताना कुणीतरी हमखास म्हणतं, "अशा हवेत आत्ता काय मिळायला हवं होतं, सांगू?" आणि सगळे एकदम सांगायला लागतात. सिंधुदुर्गाकडचा म्हणतो, कुळथाची पिठी आणि वाफाळता भात. जळगावकडचा म्हणतो, छे छे, कळण्याची भाकरी आणि ठेचा. नागपूरकर गोळाभात काढतो, लातूरची मैत्रीण धपाट्यांवर अडून बसते, सोलापूरकराला शेंगाचटणीपुढे दुसरं काही सुचत नाही. कांदाभजी मधेमधे येतातच, त्यांना जिल्हा लागत नाही. पाच मिनिटांत सगळे बोलून मोकळे होतात, आणि खूशही असतात. पण पिठीवाल्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत भाकरी आलेली असते आणि भाकरी थापून व्हायच्या आत गोळाभात. यात कुणाचंच काही चुकत नाही. आवडीच्या खाण्याचा विषय निघाला की आपल्या घरचा पदार्थ जिभेच्या टोकावर येऊन बसतो, त्याला थोपवणं अवघडच. तरी आज एक करून बघा. आपला पदार्थ घटकाभर मागे ठेवा आणि समोरच्याला एवढंच विचारा, "आणि ते कशाबरोबर खाता?"

'कसं करतात' असं विचारू नका. कृती मोबाइलवर मिळते. 'कशाबरोबर' म्हटलं की माणूस थेट स्वतःच्या घरच्या पाटावर जाऊन बसतो. पिठीवाल्याला विचारून बघा. तो सांगेल, कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडून सालं काढायची आणि मग दळायचे. लसणाची चरचरीत फोडणी, तीत पाणी, दोन-चार आमसुलं. पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं, नाहीतर गुठळ्या झाल्याच. खाली मऊ भात, वर पिठी, आणि बाजूला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. सुकाच का? कारण 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांच्या विणीचाही तो काळ. त्यामुळे उन्हात वाळवून ठेवलेलं मासळीचं गाठोडं तेव्हा सुटतं. कुळीथही तसाच. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो आणि डब्यात भरून ठेवला की पुढचा पावसाळा काढतो. ताजी मासळी नाही, भाजी नाही, बाहेर पाऊल टाकवत नाही, अशा दिवसांसाठी राखून ठेवलेलं हे जेवण. मऊ भाताची वाटी आपल्याला दिसत होती. तिच्यामागचा अख्खा आषाढ त्या एका प्रश्नानंतर दिसतो.

आता आवडीनिवडीचं. कोकणातल्या आणि पुण्याकडच्या कितीतरी घरांत आमटीत गुळाचा खडा पडतोच, आणि वऱ्हाडातून आलेल्या माणसाचा चेहरा पहिल्या घासाला बघण्यासारखा होतो. उलट वऱ्हाडी रश्श्याचा पहिला भुरका घेतल्यावर पुणेकर पाणी शोधतो. मग थट्टा सुरू होते, आणि ती व्हावीच, त्याशिवाय जेवण अंगी लागत नाही. फक्त चवीवरून कुणी हट्टानं वाद घालायला लागलं तर मला नवल वाटतं, कारण आपली चव आपण निवडलेली तरी कुठे असते? 2001 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही बायकांना गरोदरपणी, तर काहींना बाळ अंगावर पीत असताना गाजराचा रस दिला होता. पुढे बाळांना वरचं अन्न सुरू झालं, तेव्हा या बाळांनी गाजराच्या चवीच्या खिरीला साध्या खिरीपेक्षा कमी वेळा तोंड वेडंवाकडं केलं. इतर बाळांत असा फरक दिसला नाही. म्हणजे आमटीत गूळ हवा की नको, याची सुरुवात आपल्याला दात यायच्याही आधी झालेली असते. तेव्हा "मला नाही बाई आवडत" म्हणायला काहीच हरकत नाही. ते प्रामाणिक आहे आणि पुढे हसायला जागा ठेवतं. "हे कसं काय खाता तुम्ही?" हे मात्र नाक न मुरडता विचारता आलं पाहिजे. गोव्यातल्या माणसाला सकाळच्या पेजेबद्दल तसं खरोखरच विचारलं, तर उकड्या तांदळापासून मिठातल्या तोरापर्यंत सगळं तो आनंदानं सांगेल. तोर म्हणजे खाऱ्या पाण्यात मुरवलेली कोवळी कैरी. आधी पेजेचा घोट, मग तोराचा चावा, हा क्रमसुद्धा सांगेल.

ऑफिसात हे तुलनेनं सोपं. घरात अवघड, कारण घरच्यांची आवड आपल्याला पाठ आहे असं आपण धरून चालतो. आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर अमळनेरचं आणि सासर चिपळूणचं. लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा भात. "काय करू?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मला काहीही चालतं." परवा त्यांच्या सुनेनं तिथेच न थांबता विचारलं, "आई, माहेरी पावसात काय असायचं हो?" काकू बोलायला लागल्या त्या थांबेचनात. ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ घालून जाडसर दळलेला कळणा. उडदामुळे पिठाला येणारा चिकटपणा. ती काळपट भाकरी, तिच्यावर ठेचा, ठेच्यात बोटानं केलेला खळगा आणि त्यात ओतलेलं कच्चं तेल. शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" या सुनेच्या प्रश्नावर काकू सरळ म्हणाल्या, "अगं, इथे कळणा मिळतो कुठे?" झालं. ज्वारी-उडीद आणले गेले. गिरणीवाल्यानं जरा कुरकुर केली, कारण उडदावर पुढचं गिऱ्हाईक आपला गहू टाकू देईना. शेवटी दुपारी गिरणी बंद करायच्या आधी त्यानं दळून दिलं. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या. सुनेला आवडल्या. नातवानं एक घास खाऊन ताट पुढे सरकवलं आणि मऊ भात मागितला. काकूंनी तो हसत वाढला आणि त्याची उरलेली भाकरी आपल्या ताटात घेतली.

मुलाला भाकरी आवडायला हवी होती, असं मला अजिबात वाटत नाही. एका घरात दोन चवी सुखानं नांदतात, शेजारीशेजारी दोन पातेली चढतात, त्यात काय बिघडलं? वेळ नसेल तर एकच पातेलं चढेल, पण दुसऱ्याची आठवण निघाली तरी पुष्कळ झालं. आणि हे सगळं पाच मिनिटांत बसतं. चहा गाळताना, लिफ्टची वाट बघताना, डब्याचं झाकण काढता काढता. एक धोका मात्र आहे, तो आधीच सांगून ठेवते. 'कशाबरोबर' हे मनापासून विचारलं की माणसं नुसती सांगून थांबत नाहीत, दुसऱ्या दिवशी आणतात. नागपूरकर गोळाभाताबरोबर छोट्या बाटलीत हिंग-मिरचीच्या फोडणीचं तेल आणेल आणि "अजून घ्या नं" म्हणत स्वतः ओतेल. ते परवडलं. पण ठेचा जळगावचा असेल तर पहिला घास नखाएवढाच घ्यावा, आणि ताकाची बाटली घरून निघतानाच पिशवीत टाकावी.