दुःखाचे गाणे कुणाचे?

पैठणीच्या मागांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्याचे नाव आणखी एका कारणाने इतिहासात राहिले आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालला, पण दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. बंद दाराशी आणखी किती काळ हात जोडायचे, या प्रश्नाला ते उत्तर होते. याच जिल्ह्यातील, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा एक मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. बाबासाहेबांचा विचार पुढे आयुष्यभर गाण्यातून गावोगाव नेणारे लोककवी वामनदादा कर्डक ते हेच.

वामनदादांचे तारुण्य सुखाचे नव्हते. लग्न झाले, मुलगी झाली. परंतु पत्नी सोडून गेली आणि लेकही दगावली. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले. चित्रपटाच्या दुनियेची ओढ होती. तिथे वाट्याला आले ते गर्दीतल्या माणसाचे, ‘एक्स्ट्रा’चे काम. शाळा तर पाहिलीच नव्हती. चाळीतल्या एका माणसाने पत्र वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा वाचता येत नाही हे सांगताना त्यांना रडू कोसळले. मग अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरे गिरवली, आणि ३ मे १९४३ रोजी पहिले गीत रचले. त्यानंतर २००४ साली मृत्यू येईपर्यंत लेखणी आणि गळा थांबला नाही.

अशी चरित्रे वाचली की आपण चटकन म्हणतो, ‘दुःखाने कवी घडवला.’ हे वाक्य मला नेहमी अस्वस्थ करते. ते खरे मानले तर त्या लेकीचा मृत्यू हा काव्याचा कच्चा माल ठरतो, आणि निरक्षरता ही ईश्वराची योजना ठरते. निरक्षरता ईश्वराने दिली नव्हती. ती माणसांनी माणसांवर लादली होती. शिवाय दुःखाने मोडून पडलेले कितीतरी जण त्याच चाळींतून राहत होते. त्यांच्या दुःखाला काय म्हणायचे? आणि आणखी एक गोष्ट. गाणे ज्याच्या गळ्यात असते, त्याचीच व्यथा जगाला ऐकू येते. सोडून जाणाऱ्या माणसाचीही काही बाजू असते. ती बहुधा मुकीच राहते. प्रेमभंगाचे गीत ऐकताना डोळे भरून येतात, तेव्हा श्रोत्याने हे विसरू नये.

मग दुःखाचे गाणे होते म्हणजे नेमके काय होते? माझ्या मते दुःख तिथेच राहते, माणूस मात्र दुसरीकडे पाहू लागतो. वामनदादांच्या गीतांचा फार मोठा भाग स्वतःच्या उद्ध्वस्त संसाराविषयी नाही. तो राबणाऱ्यांविषयी, उपेक्षितांविषयी आणि त्यांना माणूसपण मिळवून देणाऱ्या महामानवाविषयी आहे. आपल्या जखमेची भरपाई त्यांनी कुणाकडे मागितली नाही. जखमी माणसाला जगाकडून काही येणे आहे असे वाटू लागते; ते वाटणे पुष्कळदा न्याय्यही असते. पण त्या वसुलीत आयुष्य जाऊ न देणे हा स्वेच्छेने घेतलेला निर्णय असतो, आणि नैतिक मोल असलेच तर ते त्या निर्णयाला आहे, वेदनेला नाही.

आपल्या ख्रिस्तसभेतही याची उदाहरणे आहेत. क्रूसाचे संत योहान यांना १५७७ च्या डिसेंबरात टोलेडोच्या मठात कोंडून घातले, ते परक्यांनी नव्हे, त्यांच्याच कार्मेलाईट बंधूंनी. त्या अंधारकोठडीत त्यांच्या ‘आध्यात्मिक गीता’ची बरीच कडवी जन्मली. त्यांत छळणाऱ्यांविषयी तक्रार नाही. आहे ती प्रियकर परमेश्वराचा शोध घेणाऱ्या आत्म्याची हाक. मात्र म्हणून कोठडी पवित्र ठरत नाही. संधी मिळताच, १५७८ च्या ऑगस्टमध्ये, संत योहान तिथून निसटले! दुःख ‘अर्पण करा’ असा उपदेश करणाऱ्यांनी ही पळून जाण्याची हकिगतही सांगावी.

कारण अर्पणाची आपण फार घाई करतो. कुणाचे लग्न मोडले, कुणाला वर्षानुवर्षे नोकरी नाकारली गेली, कुणाचे मूल गेले की सांत्वनाला आलेली मंडळी दारातच ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळी होतात. पवित्र शास्त्र मात्र इतके उतावीळ नाही. स्तोत्रसंहितेतील ८८ वे स्तोत्र आरंभापासून अखेरपर्यंत आक्रोश आहे. ते अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत ते म्हटले जाते. ज्याला अजून गाणे सुचत नाही, ज्याला फक्त रडायचे आहे, त्यालाही उपासनेत जागा आहे, असाच त्याचा अर्थ. आपल्या घरांत त्याला ती जागा मिळते का?

वामनदादांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह १९७३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गीताला तोवर तीस वर्षे झाली होती. पुस्तकाची वाट न पाहता त्यांची गाणी तोंडातोंडी वस्त्यांपर्यंत पोचली होती. कधी काळी त्यांना स्वतःला वाचता आले नव्हते, तसेच ज्यांना एखादे पत्रही वाचता येत नव्हते, अशा कितीतरी माणसांना ती पाठ होती.