खरवड

रंग ‘काढणे’ हा शब्दप्रयोग मला कधी पटला नाही. दारावरचा, खिडकीवरचा, पलंगावरचा जुना रंग आपण काढतो म्हणतो. पण काढल्यावर तो जातो कुठे, हे कोणी विचारत नाही. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मला ही खोड लागली असेल. पदार्थ नाहीसा होत नाही, त्याचे फक्त स्थान आणि रूप बदलते, हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो, त्यावर मार्कही देतो. घरी आल्यावर मात्र केर उंबऱ्याबाहेर लोटला की तो संपला, अशाच समजुतीत वागतो.

आमच्या घरात एक सागवानी पाळणा आहे. शहापूरच्या कुठल्याशा सुताराने केलेला, चारी बाजूंना कातीव गजांचा कठडा असलेला. माझ्या वडिलांची रीत अशी की घरात बारसे ठरले की पाळणा अंगणात काढायचा आणि त्याला ऑइलपेंटचा नवा हात द्यायचा. थोरल्या बहिणीच्या वेळी पिवळा, माझ्या वेळी हिरवा, धाकट्या भावाच्या वेळी आकाशी. पुढे भाचे झाले तेव्हा तांबडा. सगळ्यांच्या खाली सफेद्याचा अस्तर. बेलतेलाचा वास आला की घरात बाळ येणार, असे समीकरण आमच्या डोक्यात पक्के बसले होते. म्हणजे या पाळण्यावरचे एकेक पूट हा एकेका जन्माचा दाखलाच म्हणायचा. नगरपालिकेच्या दाखल्यापेक्षा जरा देखणा.

गेल्या वर्षी सूनबाईला दिवस राहिले. ती धारवाडकडची. माळ्यावरचा पाळणा पाहून म्हणाली, “अत्ती, इदे तोट्टिल बेकु. हाच पाळणा हवा.” मला आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात धस्सही झाले. कारण त्या पिवळ्या, हिरव्या आणि तांबड्या रंगांत काय असते ते मला ठाऊक होते.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असे. सफेदा म्हणजे शिशाचा कार्बोनेट. झगझगीत पिवळा म्हणजे बहुधा शिशाचा क्रोमेट. त्यातच निळा मिसळून हिरवा होई. रंग लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रव्यांतही शिसेच. खात्री करून घ्यावी म्हणून कठड्याचा एक कोपरा तिरका छेदून त्यावर सोडियम सल्फाइडच्या द्रावणाचा थेंब टाकला. पांढरा आणि पिवळा पट्टा बघता बघता काळा पडला. गडद रंगांवर ही परीक्षा नीट कळत नाही, म्हणून काळा न पडलेला रंग निर्दोष असेही समजू नये. पण आमच्यापुरते उत्तर मिळाले होते.

शिसे शरीरात गेले की कॅल्शियमचे सोंग घेऊन हाडांत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. बाई गरोदर असताना हाडांतले कॅल्शियम बाळासाठी बाहेर येते, त्याबरोबर हेही येते आणि वारेतून गर्भापर्यंत पोचते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका. अमुक इतके शिसे चालेल अशी निर्धोक मर्यादाच माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि दात येणारे मूल काय करते? पाळण्याचा कठडा चावते! आम्हीही चावलाच असणार. वरच्या गजावर बारीक दातांचे व्रण आहेत. आजवर ते सगळ्यांना कौतुकाने दाखवले जात.

आता प्रश्न असा : वडिलांनी काय केले? मुलांच्या स्वागतासाठी हौसेने विष फासले, असे म्हणायचे का? वाक्य खरे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्यांना ठाऊक नव्हते. पण “ठाऊक नव्हते” ही सबब सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, हेही तितकेच खरे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी 1904 सालीच दाखवून दिले होते की मुलांना होणारी शिशाची बाधा घरांच्या व्हरांड्यांच्या रंगवलेल्या कठड्यांवरून येते. 1921 साली जिनिव्हाला सफेद्याच्या वापरावर बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. अमेरिकेने 1978 मध्ये घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आणली. आपल्याकडे दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 2016 च्या नियमांनी ठरली आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. 1904 ते 2017 — एकशे तेरा वर्षे! ज्ञान होते, पण बेळगावच्या अंगणापर्यंत चालत यायला त्याला एवढा वेळ लागला. या वाटेवर ज्यांनी ते अडवून धरले किंवा ज्यांनी माहीत असून डबे विकले, त्यांचे ‘न कळणे’ आणि ब्रश हातात धरलेल्या माझ्या बापाचे न कळणे एका तागडीत घालता येणार नाही. वडिलांनी जे केले त्याला मी प्रेम म्हणते. त्याचा परिणाम विषारी होता हेही म्हणते. यातले एक वाक्य खरे ठरवण्यासाठी दुसरे खोटे ठरवायची मला गरज वाटत नाही.

मुलगा म्हणाला, “आई, नवा पाळणा आणू, हा भिंतीवर टांगून ठेवू.” सल्ला शहाणपणाचा होता. जुना रंग घट्ट असेल, उडत नसेल, मुलाच्या तोंडाहातात जाणार नसेल, तर त्याला न छेडणे हेच सर्वांत सुरक्षित. खरवडताना जेवढी धूळ उडते तेवढी तो नुसता असताना उडत नाही. पण आमच्या पाळण्याचे पोपडे सुटू लागले होते. आणि सूनबाईला तो हवा होता, हे कारण मी गौण मानायला तयार नाही. दुसऱ्या भाषेच्या घरातून आलेली मुलगी आमच्या घरातली एक जुनी वस्तू स्वतःहून आपली म्हणते, तेव्हा तिला शोभेचा तुकडा करून दाखवणे मला जड गेले.

आमच्या ओळखीचे मेस्त्री आले. पाळणा चारी अंगांनी पाहून म्हणाले, “द्या बाई, घरी नेतो. दोन दिवसांत ब्लोलॅम्पने भाजून, पॉलिशपेपर मारून चकाचक करून आणतो. तुमच्या घरात कचरा नको.”

तुमच्या घरात कचरा नको. आमचा मुद्दा नेमका इथेच सुटत होता आणि इथेच अडत होता. घरच्या घरी रंग सुरक्षितपणे कसा काढावा, हे विचारताना ‘घर’ म्हणजे कोणाचे घर? मेस्त्रींच्या दोन खोल्या, पुढे हातभर अंगण आणि त्या अंगणात खेळणारी त्यांची दोन नातवंडे मी पाहिलेली आहेत. ज्योतीने भाजले की शिशाची वाफ होते, कोरडे घासले की पिठासारखी धूळ होते. ती आमच्या नातवाऐवजी त्यांच्या नातवंडांच्या पोटात गेली असती. आमचे घर निर्मळ झाले असते, पाळणा निर्धोक झाला असता आणि कोणाच्या डोळ्यांत पाणीही आले नसते. आपल्याकडे बरीचशी स्वच्छता अशीच होते. फक्त तिथे पदार्थविज्ञान आठवत नाही.

मी त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे बाई, इतकी वर्षं आम्ही काय खाल्लं?” याला माझ्याजवळ चांगले उत्तर नव्हते. रक्तातले शिसे तपासता येते एवढे सांगितले. ते हसले, आणि त्या हसण्याचा राग मला आला नाही.

शेवटी काम आमच्याच परसात, दोघांनी मिळून करायचे ठरले. सूनबाई तेवढे दिवस माहेरी. मी पद्धत सांगते, कारण कोणाच्या तरी माळ्यावर असा पाळणा, देव्हारा किंवा कपाट असेलच. वारा नसलेली सकाळ निवडावी, खाली जाड प्लास्टिक अंथरावे. 2020 पासून घरोघर माहीत झालेला एन-95 मास्क लावावा; तोंडाला गुंडाळलेला पंचा ही धूळ अडवत नाही. रंगावर पाणी फवारून ओला ठेवावा, पत्रीने हळूहळू खरवडावा, शेवटी वॉटरपेपर, तोही ओलाच. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने टिपावे. हातपाय, तोंड धुतल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नयेत. मेस्त्रींनी कॉस्टिक सोड्याचा पर्याय सुचवला होता. पण त्याने सागवान काळवंडते आणि सांध्यांतला सरस सुटतो. झटपट रंग उतरवणाऱ्या अनेक जुन्या रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असे. त्याची वाफ बंद खोलीत जीव घेऊ शकते, म्हणून अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ते बंद केले. डब्यावरचे नाव वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नये.

दोन दिवसांचे काम सहा दिवस चालले आणि मेस्त्रींना सहा दिवसांची मजुरी दिली. सुरक्षिततेला हा एवढा खर्च येतो. तो कोणीतरी देतोच. पैशात दिला नाही तर हाडांत.

खरवडताना वणीची सप्तशृंगी आठवत होती. 2022 च्या पावसाळ्यात देवीच्या मूर्तीवरचा शेंदूर उतरवला, तो हजार किलोंहून अधिक भरला आणि आतली पाषाणमूर्ती पुन्हा दिसली. शेंदूर हेही मुळात शिशाचेच तांबडे ऑक्साइड. पिढ्यान्‌पिढ्या भक्तांनी लावलेले ते हात, त्यांना मूर्तीवरची घाण म्हणायचे की मूर्तीचेच अंग? इंग्लंडात विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारती वाचवणारी एक संस्था काढली, तिला लोक ‘खरवडविरोधी’ म्हणत. ‘मूळ’ रूप आणण्याच्या नादात जुन्या देवळांचा गिलावा खरडून काढू नका, काळाने चढवलेले थरही त्या वास्तूचेच, असे तिचे म्हणणे. मला ते बरेचसे पटते. आमच्या पाळण्याचे ‘मूळ’ सागवान हे सुताराचे. आमचे घर सुरू होते ते पिवळ्या पुटापासून. पण मॉरिसच्या देवळाचा गिलावा कोणी चावत नव्हते.

म्हणून तळफळीच्या खालच्या अंगाला, मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी, वीतभर चौकोन तसाच ठेवला : तांबडा, आकाशी, हिरवा, पिवळा, पांढरा. वर चपड्याचे तीन हात देऊन तो बंद केला. बाकी पाळणा धुऊन, वाळवून, त्यालाही नुसता चपडा लावला. लाख ही खायच्या गोळ्यांवरही चढवतात. स्पिरिट पुरते उडून गेले की मुलाने चावली तरी चिंता नाही. दातांचे व्रण वॉटरपेपरने पुसट झाले, पण गेले नाहीत.

राहिली खरवड. भाताच्या पातेल्याची खरवड आम्ही भांडून खात असू. ही मात्र काचेच्या बरणीत ओलीच भरली. कचऱ्याच्या गाडीत टाकवेना, परसात कढीलिंबाच्या मुळाशी पुरणे तर शक्यच नव्हते. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा गट केला; पण आमच्या गल्लीतल्या गाडीवर त्यासाठी वेगळा डबा मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा बरणी माळ्यावर आहे, झाकणाला मेण लावून. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे. एका बाजूला मराठीत लिहिले : शिसे. दुसऱ्या बाजूला सूनबाईने कन्नडमध्ये लिहिले : सीस. खाली ‘विष’ हा शब्द दोन्ही लिप्यांत. तो दोन्ही भाषांत एकच आहे.