सतरंजी कुणासाठी अंथरायची?

सकाळी सहा ही योगवर्गाची ठरलेली वेळ. पोट रिकामं, हवा गार, मन ताजं. शिकवणारे बहुतेक सगळे हीच वेळ सांगतात आणि त्यात चूक काही नाही. मोखाडा तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर मात्र होळीनंतर पहिला पाऊस पडेपर्यंत सकाळी सहा ही पाण्याची वेळ असते. विहिरीच्या तळाशी रात्रभरात जे झिरपून साठलं, ते दुसऱ्या कुणी उपसण्याआधी गाठावं लागतं. डोक्यावर एकावर एक हंडे, कधी कडेवर मूल, पायाखाली दगडगोट्यांची उतरण. त्याच वेळी जव्हारसारख्या गावात एखाद्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या जात असतील आणि 'खांदे सैल सोडा' अशी सूचना दिली जात असेल, तर ज्या खांद्यांना ती सगळ्यात आधी ऐकू यायला हवी, ते खांदे तिथे नसतात.

म्हणून वर्ग वाईट ठरत नाही. लहान गावातला योगवर्ग ही मोठी चांगली गोष्ट आहे. निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार, बँकेतला कारकून, रात्रपाळी संपवून आलेली परिचारिका असे लोक एका रांगेत बसतात. एरवी त्यांची गाठ पडते ती काउंटरच्या अलीकडे-पलीकडे. इथे सगळ्यांचे गुडघे सारखेच कुरकुरतात. चार दिवस कुणी दिसलं नाही तर संध्याकाळी फोन जातो. मोठ्या शहरातल्या वातानुकूलित वर्गाला हे सहजासहजी जमत नाही, कारण तिथे शेजारच्या सतरंजीवरच्या माणसाचं आडनावसुद्धा ठाऊक नसतं. प्रश्न या चांगल्या गोष्टीच्या दाराचा आहे. ते किती वाजता उघडतं आणि कुणाला आत येणं परवडतं?

जव्हार आणि मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहेत. पाऊस इथे भरभरून पडतो, पण सह्याद्रीच्या उतारावरून तो तितक्याच वेगाने वाहून जातो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याच भागातून वैतरणा वाहते. तिच्यावर मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं. शंभर मीटरहून उंच असलेल्या या धरणातून मुंबईला दररोज सुमारे ४५.५ कोटी लिटर पाणी मिळतं.

पतंजलीच्या अष्टांगात आसनाचा क्रमांक तिसरा आहे. त्याआधी यम आणि नियम येतात आणि यमांमध्ये अहिंसा व सत्य यांच्या पाठोपाठ अस्तेय येतं. जे आपलं नाही ते न घेणं. शे-दोनशे सूत्रांच्या त्या ग्रंथात प्रत्यक्ष आसनाला जेमतेम तीन सूत्रं आहेत. मुंबईत वर्ग संपवून घरी येणारा माणूस नळ सोडतो तेव्हा तो चोरी करत नसतो. त्याने पाणीपट्टी भरलेली असते. पण अस्तेयाचा विचार पावतीपाशी थांबत नाही. जिथून पाणी आलं तिथली बाई आज किती चालली, हा प्रश्न त्याला पडला तर त्याचा योग तिसऱ्या पायरीवरून उलट पहिल्या पायरीकडे गेला असं म्हणता येईल, आणि ही पीछेहाट नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत यम-नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून पुसले जातात. ते पुसू नयेत, असं या स्तंभाला मनापासून वाटतं.

एका आसनाकडे या निमित्ताने नव्याने पाहायला हवं. वर्ग संपताना सगळे उताणे निजतात, दिवे मालवले जातात आणि घाईतली माणसं त्याच वेळी चपला शोधू लागतात. शवासनाला अनेक जण व्यायामानंतरचा फावला वेळ समजतात. स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत, म्हणजे साधारण पंधराव्या शतकातल्या ग्रंथात, शवासनाचा जो गुण सांगितला आहे तो थकवा घालवण्याचा आणि चित्ताला विसावा देण्याचा. श्रम हरण करणारं आसन म्हणून त्याची नोंद आहे. मग श्रम करणाऱ्यांचा त्याच्यावर पहिला हक्क नाही का?

हा हक्क बोलून दाखवायला सोपा आणि द्यायला अवघड आहे. भात आणि नागलीच्या आवणीत बाई दिवसाचे कितीतरी तास कमरेतून वाकलेली असते, वरून इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलात. घरी आल्यावर चूल, सरपण, मूल, सासू-सासरे. ती दहा मिनिटं उताणी निजली तर घरातलं कुणी तरी विचारतंच, बरं नाही का? निरोगी बाईने निजणं म्हणजे आळस, हे तिनेही लहानपणापासून ऐकलेलं असतं. भर दिवसा, चारचौघांत, आजारी नसताना विसावा घेण्याची परवानगी हीच योगवर्गाची खरी देणगी ठरू शकते. आजूबाजूला आणखी पंधरा जणी तशाच निजलेल्या असल्या की तिला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. एकटीने घरी करायच्या योगात हे होत नाही, त्यासाठी वर्गच लागतो.

अशा वर्गात शिकवायचं काय, याचाही विचार वेगळा हवा. दिवसभर वाकलेल्या पाठीला संध्याकाळी पुन्हा पश्चिमोत्तानासनात ओढणं शहाणपणाचं नाही. तिला छाती उघडणारं, पाय उंच टेकवणारं, पाठीखाली घडी घातलेलं घोंगडं देणारं काही हवं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि आयुष्यभर तिथेच शिकवत राहिले. लहानपणी ते मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा आजारांनी खंगलेले होते. दोर, खुर्ची, लोड, विटा, घोंगडी यांचा आधार घेऊन आसन करायची त्यांची पद्धत जगभर गेली. तिचं मूळ दुबळ्या शरीराच्या अनुभवात आहे. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचं. पाड्यावर विकतची साधनं नसली म्हणून अडत नाही. भिंत सगळीकडे असते आणि घोंगडीही.

योगाच्या नावावर जे जे सांगितलं जातं ते सगळं खरं मानू नये, हाही नीतीचाच भाग आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं ते हेच मनात धरून. आसन-प्राणायामाने शरीरात काय घडतं ते मोजायचं आणि छापायचं, म्हणून त्यांनी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं. त्याच वाटेवरचं अलीकडचं उदाहरण म्हणजे कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये केलेला जुनाट कंबरदुखीचा आढावा. त्यात १२ चाचण्या आणि १०८० माणसं होती. काहीही व्यायाम न करण्यापेक्षा योगाने कंबरेच्या हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. काहींची दुखणी वाढलीही. इतकंच आहे आणि इतकं पुरेसं आहे. गुण आहे, चमत्कार नाही. ज्या वर्गात रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा असं सांगितलं जातं, तिथे सत्य हा यम मोडलेला असतो.

जव्हार-मोखाड्यात तर हे सत्य अधिक जपून सांगावं लागतं. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी सारं राज्य हादरलं. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या कुपोषणाच्या बातम्यांनी तीच जखम पुन्हा उघडी केली. त्याआधीच्या वर्षी राज्याने आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली होती. ज्या बाईचं रक्त कमी आहे तिला आधी जेवण, लोहाच्या गोळ्या आणि तपासणी हवी. रिकाम्या पोटी करायचा योग आणि रिकाम्या पोटाचा योग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिकवणाऱ्याने धाप लागणारी, भोवळ येणारी बाई ओळखावी, तिला बाजूला बसवावं आणि आशाताईंकडे पाठवावं. त्या दिवशीचं त्याचं मोठं काम तेच.

इथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शहरातून कुणी योग घेऊन डोंगरात जातं तेव्हा आपण रिकाम्या भांड्यात काही ओततो आहोत अशी समजूत बरोबर जाते. या डोंगरात श्वासाची स्वतःची विद्या आहे. सुकलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांपासून केलेला तारपा वाजवताना वादक सूर तुटू देत नाही. गालात हवा धरून, फुंक चालू ठेवून तो नाकाने श्वास घेतो आणि भोवती नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्या सुरावर वळत राहतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदी गाठली तरी तारपा वाजवत राहिले आणि त्यांच्या कलेची दखल देशपातळीवर घेतली गेली. प्राणायामाचा वर्ग अशा गावात घ्यायचा असेल तर पहिल्या दिवशी पाहुणा म्हणून तारपावाल्याला बोलवावं. पाड्यावरचे सत्तरीचे आजोबाही ज्या सहजतेने तासभर उकिडवे बसून बोलतात, ती बैठक शहरातली तिशीतली माणसं फी भरून शिकतात. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी असली तरच शिकवणाऱ्याचा आवाज उपदेशाचा होत नाही.

पैशाचं काय? महाराष्ट्रात याचं उत्तर जुनं आहे आणि ते जव्हारच्या जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणीच सापडतं. ठाण्यात निकम गुरुजींच्या अंबिका योग कुटीराने सुट्टीच्या दिवशी शाळांमधून फी न घेता वर्ग चालवले. शिकून गेलेले साधकच पुढे स्वयंसेवक होऊन शिकवू लागले आणि शाखा ठाण्या-मुंबईत पसरल्या. घंटाळी मित्र मंडळानेही त्याच शहरात कितीतरी पिढ्यांना योगाची गोडी लावली. नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाची रीतही मोफत शिकवण्याचीच. या तिन्ही ठिकाणी वास्तू नंतर आल्या, आधी होती ती माणसं आणि मागून घेतलेली एखादी खोली. फी घेणं गैर नाही. शिकवणाऱ्यालाही घर असतं. तरी वर्गातल्या दहा जणांच्या फीवर पाच जणांना विनाशुल्क बसवता येतं, आणि कोण फी भरतं व कोण नाही हे बाकीच्यांना कळू न देण्याचा सभ्यपणाही पाळता येतो. तसंच कपड्यांचं. लुगडं नेसून येणाऱ्या बाईला ट्रॅक पँट आणा म्हणणं म्हणजे तिला येऊ नका म्हणणंच. कासोटा घातलेल्या लुगड्यात बरीचशी आसनं नीट होतात.

जागा शोधायलाही लांब जायला नको. २०१८ पासून उपकेंद्रांचं रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झालं, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. त्यांच्या कामांत योगाचे वर्ग घेणं समाविष्ट आहे. २१ जूनला, म्हणजे २०१५ पासून जगभर पाळल्या जाणाऱ्या योग दिनी, शाळांत आणि कार्यालयांत सतरंज्या पडतात. उत्साह खरा असतो. फक्त जव्हारला त्या दिवसांत पावसाने जोर धरलेला असतो आणि पाड्यावरचा माणूस पेरणीच्या मागे असतो. दिल्लीहून ठरलेली तारीख या शेतीच्या वेळापत्रकात नीट बसत नाही. म्हणून इथला वर्ग इथल्या वर्षाकडे पाहून आखावा लागेल.

ते वर्ष असं आहे. पाऊस लागला की पेरणी, मग आवणी. त्या काळात वर्ग भरवायचा तर तो पावसाच्या उघडिपीत, तिन्हीसांजेला, वीस मिनिटांचा आणि मुख्यतः निजून करायचा. गौरी-गणपतीनंतर शेताला थोडी उसंत असते. तेव्हापासून दिवाळीपर्यंतचे आठवडे सगळ्यात चांगले. दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जगायला जातात, बरोबर मुलंही. होळीला बरीचशी परततात. नंतर पाण्याचे दिवस सुरू होतात आणि सकाळ पुन्हा हंड्याची होते, म्हणून वर्ग दुपारी चारच्या सावलीत, विहिरीच्या वाटेवरच्या अंगणवाडीत. सहा महिन्यांचा सलग अभ्यासक्रम इथे चालणार नाही. तीन-चार आठवड्यांचे सुटे तुकडे चालतील. त्यातल्या दोघी-तिघींनी शिकवण्याइतकं शिकून घेतलं तर त्या भट्टीवर गेल्यावरही, विटा थापून झाल्यावर, झोपडीपुढच्या मोकळ्या जागेत चार जणींना पाठ टेकायला लावू शकतील.