आधी कळलेले बरे काय?

ज्ञान केव्हाही हितकारकच, असे आम्ही शिक्षक वर्गात बिनदिक्कत सांगतो. परंतु ज्या गोष्टीवर इलाज नाही, तिचे ज्ञानही हितकारकच मानायचे काय? कंपवाताच्या बाबतीत हा प्रश्न आज खरोखरीच दारात येऊन उभा आहे.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या रोगावर निबंध लिहिला. त्यात सहा रुग्णांचे वर्णन आहे आणि त्यांतील काहींना तर त्याने रस्त्यातच पाहिले होते. डोळ्यांना दिसेल तेवढाच रोग, असा तो काळ. आज आपल्याला ठाऊक आहे की, मेंदूच्या मध्यभागी एक काळसर पट्टा असतो. तेथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. हात कापू लागेपर्यंत या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहूनही अधिक, नाहीशा झालेल्या असतात. चोर घरात शिरून वर्षे लोटलेली असतात. कुत्रे भुंकते ते आज!

हा चोर आधी दिसावा म्हणून मेंदूची चित्रे काढू लागले आहेत. किंचित किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले औषध शिरेतून देतात आणि काही तासांनी विशिष्ट कॅमेऱ्याने मेंदूचे चित्र घेतात. अमेरिकेत या ‘डॅटस्कॅन’ला २०११ साली मान्यता मिळाली. निरोगी मेंदूत दोन बाजूंना दोन उजळ स्वल्पविराम दिसतात. रोगात त्यांची शेपटी पुसट होत जाते आणि मागे केवळ ठिपका उरतो. डॉक्टर मंडळी त्याला पूर्णविरामाची उपमा देतात. जन्मभर व्याकरण शिकवणाऱ्याच्या अंगावर ही उपमा ऐकून काटा येतो.

एरवी ही तपासणी कंपाबद्दल शंका असलेल्यांचीच करतात. पण स्वतः कंपवात जडलेला नट मायकेल फॉक्स याच्या प्रतिष्ठानाने २०१० साली एक मोठा अभ्यास सुरू केला. ज्यांचा हात अजून कापत नाही, पण ज्यांना वास येईनासा झाला आहे किंवा जे स्वप्नाबरहुकूम झोपेत हातपाय झाडतात, अशा लोकांनाही पुढे त्यात घेतले गेले. ही दोन्ही लक्षणे कंपाच्या कितीतरी वर्षे आधी येऊ शकतात. मात्र वास जाण्याला इतरही पुष्कळ कारणे असतात, हे वाचकांनी विसरू नये. शिवाय चित्र झीज दाखवते. हात कोणत्या वर्षी कापेल ते सांगत नाही. आणि रोगाची चाल थांबवील असे सिद्ध झालेले औषध आजही नाही. लेव्होडोपाने आराम पडतो, व्यायामाने अंग हलते राहते, इतकेच.

मग आधी कळून करायचे काय? माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना मी हे विचारले. फळ्यावरचे त्यांचे टपोरे अक्षर ओळीगणिक बारीक होत गेले, तेव्हा कुठे हा रोग ध्यानात आला. ते हसून म्हणाले, “दहा वर्षे आधी कळले असते, तर ती दहा वर्षेही रोगानेच खाल्ली असती. त्या काळात मी दोन मुलींची लग्ने केली, काशीला जाऊन आलो. नाही कळले तेच बरे झाले.”

चहा घेऊन आलेल्या वहिनी मात्र दारातच थांबल्या. म्हणाल्या, “मला कळायला हवे होते, भाऊजी. नरकचतुर्दशीला ह्यांना उटण्याचा वास येईना, तर मी म्हणे, ह्यांना कशाचे कौतुकच नाही. झोपेत हात लागला म्हणून चार दिवस अबोला धरला. चालणे मंदावले, तेव्हा आळशी म्हटले. रोग टळला नसता, हे मलाही कळते. पण माझे बोलणे तर टळले असते!”

गुरुजी काही बोलले नाहीत. मलाही त्यावर उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की, ज्ञानाचा उपयोग केवळ औषधाने मोजणे बरोबर नाही. रोग बरा न करणारे ज्ञानही माणसामाणसांतला गैरसमज बरा करू शकते. तरीही गुरुजींचे म्हणणे खोटे ठरत नाही. शरीर ज्याचे, भविष्य ज्याचे, विचारण्याचा अधिकारही त्याचाच. त्याने विचारले, तर खरे सांगावे आणि सांगून झाल्यावर त्याला एकटे सोडू नये. त्याने विचारले नाही, तर मुलांनी किंवा पत्नीनेही ते चित्र त्याच्यापुढे धरू नये. मग त्यामागे माया का असेना.

आणि वहिनींची तळमळ? तिला मात्र यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातले वडीलधारे माणूस मंदावले, गप्प झाले, फराळाची चव सांगेनासे झाले, तर रागावण्यापूर्वी “काय होते आहे?” एवढे विचारता येते. तेवढ्यासाठी कोणाच्या मेंदूचे चित्र काढावे लागत नाही.