खेळातील वाणी

खेळ म्हटला की आरडाओरड आलीच. हुतुतूत तोंड मिटून कोण खेळतो? मग हल्ली मुले मोबाईलवर नि संगणकावर जे ऑनलाइन खेळ खेळतात, तेथे वाईट बोलणाऱ्याची वाचाच बंद करण्याचा नियम कशासाठी? पुष्कळांना हा उगाच सोवळेपणा वाटतो. थोडा विचार करू.

अमेरिकेतील रायट गेम्स या कंपनीचा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ २००९ साली सुरू झाला. पाच गडी या बाजूला, पाच त्या बाजूला. हे पाच बहुधा एकमेकांस अनोळखी. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. पटांगणात शिवी दिली तर समोरच्याचे डोळे दिसतात, आणि संध्याकाळी त्याच्याच आळीतून घरी जावे लागते. येथे डोळेही नाहीत, आळीही नाही. लाज धरावी ती कोणाची? डाव हातचा निसटला की चॅटमध्ये, म्हणजे खेळता खेळता लिहून बोलतात तेथे, शिव्यांची लाखोली सुरू! ज्याला त्या बसतात त्याचा हात अधिकच चुकतो, पाचांचाही डाव बुडतो, नवा गडी पुन्हा फिरकत नाही. (कंपनीही काही संत नव्हे हो! गिऱ्हाईक पळाले तर दुकान बसेल, हा हिशेब तिच्या मनात आहेच.)

येथे कोणी शंका घेईल की, चार दुष्ट हाकलून द्यावेत, सगळ्यांना नियम कशाला? याच खेळात ती मोजदाद झाली, आणि ती ऐकून मी थक्क झालो. नेहमीच वाईट वागणारे जे होते, त्यांच्या हातून घडलेले दुर्वर्तन शंभरात सुमारे १३. बाकीचे ८७ एरवी सरळ वागणाऱ्यांचे! दिवस वाईट गेलेला, हरण्याची चीड, कोणी डिवचलेले. भल्या माणसाच्या तोंडून तेवढ्यापुरते विष बाहेर पडले. अहो, म्हणजे नियम त्या चौघांपेक्षा तुमच्या-माझ्या घरच्या गुणी पोरासाठीच अधिक आहे.

आता उपाय पाहा. प्रतिपक्षाशी होणारे चॅट मुळात बंद ठेवले; ज्याला हवे त्याने स्वतः चालू करावे. एवढेच. २०१३ साली कंपनीच्या लोकांनी जाहीर सांगितले की, एकंदर बोलणे पूर्वीइतकेच राहिले, पण वाईट बोलणे ३० टक्क्यांहून अधिक घटले, चांगले वाढले. क्रोध आणि वैखरी यांच्यामध्ये एक क्षण आडवा आला, बस्स!

‘मी खरे तेच बोललो, तो खेळतोच वाईट’ असे म्हणणारेही असतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना सत्य, प्रिय, हित यांच्याही आधी, ऐकणाऱ्यास उद्वेग होऊ नये ही अट घातली आहे. नुसत्या खऱ्यावर सुटका नाही.

शिक्षेतही एक गोष्ट मला मोलाची वाटते. नुसते बाहेर काढण्याऐवजी, ‘तू हे शब्द लिहिलेस’ म्हणून ते त्याच्यापुढे ठेवू लागले, तेव्हा पुन्हा तसे करणारे कमी झाले. घरी नातवाचे चॅट बंद झाले तर मोबाईल हिसकावू नका. त्याने लिहिलेले ते वाक्य आजीसमोर मोठ्याने वाचायला सांगा.